इंजिनाच्या पायाशी नारळ

“आधी कोण दमतंय ते बगू की!”

असं म्हणून अक्का पदर कमरेला खोचायची, तळहात एकमेकांवर चोळायची आणि समोरच्या वस्तूकडे डोळे बारीक करून बघायची. समोर कधी गंजलेलं कुलूप असायचं, कधी गल्लीच्या तोंडाशी अडून बसलेला बैल, तर कधी नगरपालिकेचा माणूस. तिघांकडेही ती एकाच नजरेने बघायची आणि बहुतेक वेळा तिघेही हलायचे. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. नसेल तर तुमची गल्ली कशी चालते ते मला ठाऊक नाही. आमची तर अक्काच्या इंजिनावर चालायची.

सोलापुरातल्या आमच्या गल्लीच्या मागच्या अंगाला विणकरांचे माग होते आणि तोंडाशी अक्काची पिठाची गिरणी. मागून खटखट, पुढून तेलाच्या इंजिनाची फटफट. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. वर्षभरात अशी सवय झाली की दुपारी इंजिन थांबलं की मी दचकून बाहेर बघायची.

तिची माझी ओळख झाली ती पातेल्यांमुळे. सासूबाईंची दोन पितळी पातेली मी घासून एकात एक ठेवली आणि धाकटं थोरल्यात असं रुतून बसलं की निघेना. आमचे हे कापडगिरणीत कारकून; हिशेबात पक्के, पण हातात हातोडी आली की घरादाराला भीती. त्यांनी एक ठोका घातला आणि थोरल्याच्या काठाला पोचा पडला. सासूबाईंनी माझ्या माहेरचा उद्धार सुरू केला. तेवढ्यात दळणाचा डबा द्यायला अक्का दारात आली.

“हातोडी ठेवा खाली, भाऊ. भांडं हाय ते, चोर न्हाय.”

तिने परातीत कढत पाणी ओतायला लावलं, त्यात पातेली ठेवली आणि धाकट्यात माठातलं गार पाणी भरलं. “भाईरचं फुगतंय, आतलं आकसतंय. मदी केसभर वाट हुती. तेवडी बास की.” मग पदर खोचून, ते ठरलेलं वाक्य म्हणून तिने पातेलं पिळलं, आणि ते सुटलं. पोचा मात्र राहिला. सासूबाई जाईपर्यंत तो मला रोज दाखवत होत्या.

पहिले काही महिने मी तिला अहो-जाहो करत होते. तिनेच दटावलं, “अहो-जाहो कराया मी काय तुजी सासू हाय व्हय?” तेव्हापासून ती माझी ‘अगं अक्का’ झाली.

ते इंजिन तिच्या नवऱ्याने एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातून आणलं होतं. त्याने ते दगडी चौथऱ्यावर बसवलं, चालवायला शिकला, शेजारी बसवून अक्काला शिकवलं आणि तापाने गेला. तेराव्याला मंद्रूपहून तिचा धाकटा दीर आला. त्याची तिथे शेती, विहीर. चार लोकांसमोर तो म्हणाला, “वैनी, इंजन हिरीवर बशिवतो. तुमी आमच्यात येऊन ऱ्हावा. दोन भाकरी आमाला जड न्हाईत.”

अक्काने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “ज्या दिवशी हे इंजन बंद पडंल त्या दिवशी गाडी घेऊन या, भावजी. त्या आदी न्हाय.”

चार लोकांनी माना डोलावल्या. शब्द झाला. हे मी नंतर ऐकलं, पण अक्का त्याबद्दल काय म्हणायची ते माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. “दोन भाकरी मिळतील गं. पर त्या कवा वाडायच्या ते दुसरंच कुणीतरी ठरवनार.” हे बोलताना तिचा आवाज चढायचा नाही. मी मात्र दर वेळी आमच्या चुलीकडे बघायची, कारण माझ्या भाकरीची वेळ तेव्हा सासूबाई ठरवत होत्या.

दसऱ्याला गिरणीत सगळी गल्ली जमायची. शस्त्रं, माग, टांगे, सगळ्यांचीच पूजा त्या दिवशी, मग इंजिनाची का नको? झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि मग अक्का इंजिनाच्या डोक्यावर उजव्या कोपऱ्यात पुढे आलेल्या कडेवर नारळ फोडायची. पाणी इंजिनावरून ओघळायचं, आम्ही हात जोडायचो आणि खोबऱ्याचा तुकडा घेऊन घरी यायचो. नवरा होता तेव्हापासूनची ही रीत.

एका चैत्रात इंजिन धूर ओकायला लागलं. फटफटीचं फुसफुस झालं, जातं फिरेना. “पिस्टनची रिंग गेली,” अक्का म्हणाली. नव्या रिंगा नवऱ्याने तेलकट फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलेल्या होत्या. त्याची तिला चिंता नव्हती. रिंग बदलायची तर इंजिनाचं डोकं उचलायचं आणि डोकं उचलायचं तर त्यावरचे सगळे नट काढायचे. बाकीचे नट निघाले. उजव्या कोपऱ्यातला एक निघेना.

तिने पाना लावला, पान्यात नळीचा तुकडा घालून दांडा लांब केला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. पाना निसटला, बोटांची सालं निघाली. नट जिथल्या तिथे.

गिरणी थांबली हे मंद्रूपला कळायला काय वेळ? तिकडची माणसं रोज बाजाराला येत होती. एक दिवस सकाळी बैलगाडी गल्लीत शिरली. दीर खाली उतरला. उंच, पांढरं मुंडासं, बोलणं मोजकं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन.

“वैनी, बंद पडलं म्हनं.”

“बंद पडलं न्हाय. मी थांबवलंय. दुरुस्तीला काढलंय.”

“कवा चालू हुनार?”

“आज.”

“आज म्हंजी?”

“दिस मावळायच्या आत.”

“बरं. बसतो की मग,” म्हणून त्याने बैल सोडले आणि लिंबाखाली घोंगडी टाकली. अक्काने पहिल्यांदा काय केलं असेल? त्याच्यापुढे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेऊन ठेवली. मी डोळे मोठे केले तर मलाच म्हणाली, “उपाशी मानसाशी भांडायचं कसं?”

मग सगळ्या गल्लीची अक्कल त्या एका नटावर चालली. मागवाल्यांच्या घरची नरसम्मा, माझ्याच वयाची, नवऱ्याने टाकलेली, गिरणीत अक्काच्या हाताखाली पाखडणं-चाळणं करणारी, तिने रॉकेलची चिंधी नटाला गुंडाळली. टांगेवाल्याची हमीदाबी म्हणाली, “पहले उलटा कसो जी, फिर खोलो.” आवळूनही बघितलं, तसूभर आवळला गेला नाही, सुटला तर नाहीच. सासूबाईंनी पितळेला लावतात तशी चिंच लावायला सांगितली. आमचे हे हातोडी घेऊन येत होते, त्यांना मी दारातच अडवलं.

दुपारी रेल्वेतला एक फिटर जाता जाता थांबला. नटावर बोट फिरवून म्हणाला, “छिन्नीनं नट फोडावा लागंल, बाई. फोडताना बोल्ट मोडला तर मात्र इंजन मोडीत. आन् जाळ करून पानी ओतू नका हां. बीड हाय, वतीव लोखंड. तडकतंय.” तो खरं बोलत होता. अक्काने त्याला पाणी दिलं, मान हलवली आणि छिन्नी काही आणली नाही.

ऊन डोक्यावरून कललं. लिंबाखाली दीर तंबाखू मळत होता. मी अक्काचं तोंड बघितलं आणि मला रडू आलं. तिच्या बोटांना चिंध्या, कपाळाला काळं, आणि ते वाक्य तिने बराच वेळ म्हटलं नव्हतं. ज्या बाईला कधी कुणापुढे वाकलेलं बघितलं नव्हतं, ती उद्या मंद्रूपच्या कुणाच्या तरी चुलीपुढे वाकून बसणार, हे माझ्याने सहन होईना.

ती माझ्याकडे पाणी प्यायला आली. मी अंगणात भांडी घासत होते. माठातलं पाणी पिऊन ती तशीच उभी राहिली. नजर पालथ्या घातलेल्या थोरल्या पातेल्यावर, त्या पोच्यावर.

“हे कसं सुटलं हुतं गं?”

“तूच सोडवलंस की.”

“मी?” अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग कपाळावर हात मारून घेतला. “अगं भवाने, दोन दिस पुरुषांच्या हत्यारांनी मारामारी करतीया मी! नट म्हंजी भाईरचं पातेलं, बोल्ट म्हंजी आतलं. भाईरचं तापवायचं, आतलं गार करायचं. एवडंच की!”

“पण फिटर म्हणाला, तडकेल.”

“इंजन कशाला तापवू? नटच तापवीन.”

तिने माझ्या दारामागचं मुसळ उचललं. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं असतं ना, ते ठोकून काढलं. नटाच्या मापाहून थोडंसंच मोठं होतं. माझ्याच चुलीत घालून नरसम्माने फुंकणीने फुंकलं, फुंकलं, ते कडं जास्वंदीसारखं लाल होईपर्यंत. अक्काने सांडशीत धरून ते गल्लीतून गिरणीत नेलं तेव्हा मागे सगळी बायकामाणसं. कडं नटाभोवती बसलं. रॉकेलची चिंधी आधीच काढून सगळं पुसून घेतलं होतं, तरी धूर झाला. नटातून वर आलेल्या बोल्टाच्या टोकावर अक्काने भिजवलेली वात टेकवली. मी माठाच्या पाण्याने ती वात ओली ठेवत होते. एक थेंब बिडावर पडला तर खैर नाही, म्हणून बोटाने थेंब थेंबच सोडत होते. कडं काळं पडलं की नरसम्मा दुसऱ्यांदा तापवून आणायची. पुन्हा बसवायचं. पुन्हा वात.

शेवटी अक्काने कडं काढून फेकलं, पाना लावला, नळी घातली आणि ओरडली, “भावजी! बसून काय ऱ्हायलाय? जरा हात लावा की!”

दीर उठून आला. “मी?”

“मग? शेतकऱ्याच्या दंडात जोर हाय का न्हाय ते तर कळू द्या गल्लीला.”

आता सांगा, एवढ्या बायकांसमोर असं म्हटल्यावर कुठला पुरुष मागे सरेल? त्याने मुंडासं सरळ केलं. अक्काने पदर खोचला. “आधी कोण दमतंय ते बगू की!” दोघांनी मिळून नळीवर जोर दिला. कट्ट असा आवाज झाला. मी डोळे मिटले. वाटलं, बोल्ट मोडला. उघडले तर नट फिरत होता.

दिराला आपण काय केलं ते कळायला एक क्षण लागला. मग तो हसला. मिशीत, नाइलाजाने, पण हसला.

दिवस मावळायच्या आधी रिंग बदलून इंजिन चालू झालं. पहिली फटफट ऐकली आणि हमीदाबीने टाळ्या वाजवल्या. दीर बैल जुंपायला लागला तर अक्का म्हणाली, “रिकामी गाडी न्यायची न्हाय,” आणि त्याच्या बायकोसाठी पिठाचं गाठोडं गाडीत ठेवलं.

“वैनी, जिंकलात की तुमी.”

“मी कुटं? तुमीच तर सोडीवलात.”

तो काढलेला नट दुसऱ्या दिवशी आम्ही उन्हात बसून बघितला. गंजात हळदकुंकवाचा थर, आणि त्यात नारळाच्या काथ्याचे बारीक धागे. अक्काने नाकाला लावून बघितला. “ह्यो बग दसरा,” म्हणाली. वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यावर फोडलेल्या नारळाचं पाणी त्या नटात मुरलं होतं. आम्ही हात जोडून उभे राहत होतो आणि नट आतून गंज धरत चालला होता.

मी म्हटलं, “देवाच्याच पाण्याने असं करावं?”

“देवाला इंजनातलं काय कळतंय? अक्कल आमाला नको हुती व्हय?”

त्या वर्षीपासून रीत बदलली. दसऱ्याला इंजिनाच्या डोक्यावर नुसतं तेलाचं बोट. नारळ पायाशी. चौथऱ्याच्या दगडात इंजिनाला जखडून ठेवणारे चार बोल्ट होते. अक्का आता चारी कोपऱ्यांना चार नारळ फोडायची आणि पाणी नटांवरच जाईल असं ओतायची. “डोक्याला तेल, पायाला पानी. मानसाचं बी तसंच करत्यात की,” म्हणायची. मला ती भक्ती वाटायची. वरच्या सगळ्या नटांना ती महिन्याला ग्रीस लावी. एकदा मी विचारलं, “खालच्यांना नाही लावत?”

“ते कशाला सोडायचेत?” म्हणाली आणि पट्टा चढवायला वळली.

बरीच वर्षं अशी गेली. अक्का थकली. गिरणी नरसम्मा बघायला लागली आणि अक्का पडवीत बाजेवर पडून नुसत्या आवाजावरून हुकूम सोडायची, “पट्टा सैल हाय गं!” एका थंडीत तिने अंथरूण धरलं. मला आणि नरसम्माला जवळ बसवून म्हणाली, “मी गेले तर इंजन चालूच ठेवायचं. भावजीला बोलाया जागा नको.”

ती सकाळी गेली. दारात मयत असताना शेजारीपाजारी चूलसुद्धा पेटत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. नरसम्माने डोळे पुसले, चाकाला हात घातला आणि इंजिन चालू केलं. जात्यात दाणा नव्हता. नुसतंच फटफटत राहिलं. लोक काय वाट्टेल ते बोलले. मी नरसम्माच्या शेजारी उभी राहिले आणि ज्यांनी तोंड वाकडं केलं त्यांच्याकडे अक्कासारखे डोळे बारीक करून बघितलं. त्या आवाजातून अक्काला नेलं. तिरडी वळणाआड गेल्यावर मात्र मी त्या पडवीत बसून मोठ्याने रडले. इंजिनामुळे कुणाला ऐकू गेलं नाही.

तेराव्यानंतर दीर आला. आता पिकल्या मिशांचा, बरोबर दोन दांडगे मुलगे आणि गाडी. त्याचंही खरं होतं. भावाची वस्तू, भावजयीमागे दुसरं कोण? नरसम्मा कोण लागत होती? पण ती गिरणी गेली असती तर नरसम्मा परत मागवाल्यांच्या घरात, टाकलेली बाई म्हणून ऐकाव्या लागणाऱ्या बोलण्याखाली गेली असती.

“शब्द असा होता,” मी म्हटलं, “की बंद पडेल त्या दिवशी न्यायचं. ते चालू आहे.”

“ज्यानं शब्द दिला ते मानूसच ऱ्हायलं न्हाय, ताई,” तो शांतपणे म्हणाला. मुलांनी चौथऱ्याच्या नटाला पाना लावला.

नट हलला नाही. दुसरा हलला नाही. चारी कोपऱ्यांना तेच. मुलांनी नळी घातली, रॉकेल ओतलं, घण घातला. नटांचे कोपरे गोल झाले आणि एकाच्या अंगठ्याचं नख गेलं. दीर उकिडवा बसला, गंजाचा पापुद्रा नखाने काढला आणि उजेडात धरला. त्याच्या बोटांत काथ्याचे धागे होते. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी नरसम्माकडे बघितलं. ती आधीपासून माझ्याकडेच बघत होती.

पण तो काही खुळा नव्हता. त्याच हातांनी त्याने तो जुना नट फिरवला होता. उठून म्हणाला, “मुसळाचं कडं लागंल. आन् इस्तू.”

मग तो दारोदार फिरला. हमीदाबीने कपाळाला आठ्या घातल्या. “मूसळ? वो कां हमारे घर में जी!” मागवाल्यांच्या म्हातारीने हात हलवला. “लेदु, लेदु. न्हाई.” एका घरी चूल विझली होती, एका घरी पेटलीच नव्हती. ऐन स्वयंपाकाच्या वेळी आमच्या अख्ख्या गल्लीत एक निखारा नव्हता. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, हे शपथेवर सांगते.

शेवटी तो माझ्या दारात आला. मुसळ दारामागे उभं होतं, त्याचं टोक दाराच्या फटीतून सरळ दिसत होतं. तेच कडं, पुन्हा ठोकून बसवलेलं, त्या दिवशीपासून काळं पडलेलं.

“ताई, मुसळ हाय का?”

“नाही,” मी म्हटलं.

त्याने मुसळाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी पदर कमरेला खोचला आणि बाजूला झाले नाही. आणि गल्लीच्या तोंडाशी इंजिन चालू झालं. नरसम्मा त्याच्या मुलांना ओरडून सांगत होती, “सरका जी बाजूला! दळण आलंय!”

म्हाताऱ्याने हळूहळू मान हलवली. “वैनी दमली न्हाय ती न्हायच,” म्हणाला. आवाजात राग नव्हता. मला वाटतं, थोडा अभिमानच होता. मुलांना हाक मारून त्याने बैल जुंपायला लावले. नरसम्माने पिठाचं गाठोडं आणून गाडीत ठेवलं, कारण रिकामी गाडी पाठवायची नाही ही त्या दाराची रीत होती.

त्या वर्षी दसऱ्याचे नारळ आणायला मी स्वतः बाजारात गेले. नारळवाला कंटाळला, पण मी ऐकलं नाही. टोपलीतला एकेक नारळ उचलून कानाशी हलवून बघितला आणि ज्यांच्यात पाणी सगळ्यांत जास्त वाजत होतं ते चार घेतले.